तीनचाकी सीएसआरमधून मिळते, पण ॲपच्या बटणाला नाव नाही: डिजिटल सुगम्यता ही कंपनीत नेमकी कोणाची जबाबदारी?

शब्दवेधी (धागाकर्ता)

शेअर बाजारात नोंदलेल्या एखाद्या मोठ्या कंपनीचा वार्षिक अहवाल उघडला, तर सामाजिक दायित्वाच्या (सीएसआर) प्रकरणात दिव्यांगांचा उल्लेख हमखास सापडतो. तीनचाकी सायकलींचे वाटप, कृत्रिम पायांचे शिबिर, अंधशाळेला संगणक, आणि सोबत पानभर छायाचित्रे. त्या छायाचित्रांना लिखित वर्णन जोडलेले नसल्यामुळे माझा स्क्रीन रीडर प्रत्येक वेळी ‘ग्राफिक’ एवढेच म्हणतो, पण ते सोडून देऊ. जी कंपनी अंधशाळेला संगणक देते, तिच्याच ॲपवर त्या शाळेतून शिकून बाहेर पडलेल्या मुलाला स्वतःचे बिल भरता येत नाही, आणि यात काही विसंगती आहे असे कंपनीत कोणालाही वाटत नाही, त्याविषयी मला लिहायचे आहे.

कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक दायित्वावर खर्च करायची असते. मात्र कंपनीच्या नेहमीच्या व्यवसायाचा भाग म्हणून केलेले काम त्यात धरता येत नाही, असे त्याखालचे नियमच सांगतात. बँकेने ॲप चालवणे, विमा कंपनीने संकेतस्थळावर पॉलिसी विकणे किंवा किराणा घरपोच देणाऱ्या कंपनीने मागणी नोंदवून घेणे हा त्यांचा नेहमीचाच व्यवसाय आहे. तेव्हा ते ॲप मला वापरता यावे, म्हणजेच डिजिटल सुगम्यता, यासाठीचा खर्च सीएसआरच्या खात्यात बसूच शकत नाही. तो उत्पादनाचा खर्च आहे. तरीही कंपनीला या विषयावर पत्र लिहिले की ते फिरत फिरत सीएसआर विभागाकडे जाते, आणि तेथून ‘आपल्या समाजासाठी आम्ही काय काय करतो’ याची यादी परत येते. ज्या विभागाच्या हातात ॲपच्या कोडची एक ओळही नाही, त्याने दुसरे काय पाठवावे?

ज्यांचा या विषयाशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी आज्ञावली. अँड्रॉइडवर टॉकबॅक आणि आयफोनवर व्हॉइसओव्हर हे फोनसोबतच येतात, तर विंडोजसाठी एनव्हीडीए ही आज्ञावली मोफत मिळते. म्हणजे माझ्या बाजूचे साधन तयार आहे. अडते ते समोरच्या बाजूला. बटणावर नुसते बाणाचे चित्र असेल आणि त्याला नाव दिलेले नसेल, तर मला ‘बटण’ एवढेच ऐकू येते. ते पैसे पाठवण्याचे आहे की मागे जाण्याचे, हे समजायला मार्ग नसतो. अर्जातील चौकटीला लेबल जोडलेले नसेल, तर तेथे जन्मतारीख हवी आहे की पॅन क्रमांक, हे ताडावे लागते. चूक झाली की चौकटीची कडा लाल होते आणि मला काहीच कळत नाही. समोर माणूसच आहे ना, हे तपासणारा कॅप्चा चित्राचा असतो व त्याला ध्वनीचा पर्याय नसतो. या दुरुस्त्यांपैकी बहुतेक कामे अवघड नाहीत. पहिल्या दिवसापासून केली तर ती वेगळी अशी जाणवतही नाहीत. त्यांचे निकष वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने १९९९ मध्येच प्रसिद्ध केले, २००८ आणि २०१८ मध्ये ते सुधारले, आणि त्यांची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली.

पाव शतकानंतर स्थिती काय आहे? वेबएम ही अमेरिकी संस्था दरवर्षी जगातील सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या दहा लाख संकेतस्थळांची मुखपृष्ठे यंत्राने तपासते. २०२५ च्या तपासणीत त्यांपैकी ९४.८ टक्के पृष्ठांवर या निकषांचा भंग आढळला, आणि एका पृष्ठावर सरासरी ५१ दोष निघाले. यंत्राला सापडतात तेवढेच हे दोष आहेत. बटणाला नाव आहे पण चुकीचे आहे, हे यंत्राला समजत नाही. आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदले गेले, त्यांपैकी सुमारे २९ लाख ६३ हजार महाराष्ट्रातले. त्या वेळी कायद्यात सातच प्रकारचे दिव्यांगत्व होते, आता एकवीस आहेत.

मला येथे चर्चा हवी आहे ती एकाच मुद्द्यावर. कंपनीत ही जबाबदारी कोणाच्या टेबलावर ठेवली, तर काम होईल?

लघुउद्योजक

आपल्या भावनेचा आदर आहे, पण दुसरी बाजूही मांडली जावी म्हणून लिहितो. माझा मसाल्यांचा छोटा कारखाना आहे. संकेतस्थळ पुतण्याच्या मित्राने तयार साच्यावर बनवून दिले आहे. त्यात लेबल आहे की नाही, हे मला आणि त्यालाही माहीत नसणार. ‘कंपन्यांची जबाबदारी’ म्हणताना आपल्यासमोर बँका असतात, पण नियम आला की तो आमच्याही दारात येतो. अमेरिकेत लहान दुकानदारांवर संकेतस्थळाच्या कारणाने सरसकट दावे ठोकून तडजोडीची रक्कम वसूल करणारे वकील आहेत, असे वाचले आहे. ते आपल्याकडे सुरू झाले, तर अंध ग्राहकाचा फायदा किती आणि वकिलांचा किती, याचाही विचार व्हावा.

दुसरे असे की, हल्ली संकेतस्थळाच्या कोपऱ्यात व्हीलचेअरचे चिन्ह असलेले एक बटण बसवून मिळते. ते दाबले की अक्षरे मोठी होतात, रंग बदलतात. वर्षाला ठरावीक शुल्क भरले की झाले, असे विक्रेता सांगतो. लहान उद्योगाने एवढे केले, तर पुरेसे मानावे का?

हिंजवडी_टेस्टर

आधी त्या बटणाबद्दल, कारण दर आठवड्याला कोणी तरी विक्रेता आमच्याही कार्यालयात ते घेऊन येतो. ज्याला दिसत नाही तो माणूस स्वतःचा स्क्रीन रीडर घेऊनच संकेतस्थळावर येतो. त्याला अक्षरे मोठी करून काय मिळणार? ज्याला मोठी अक्षरे हवी असतात, त्याने ती फोनमध्येच केलेली असतात. आत बटणांना नावे नसतील, तर हे कोपऱ्यातले बटण ती अचूक निर्माण करू शकत नाही. उलट अनेक वेळा ते स्क्रीन रीडरच्या वाटेत येते. अशी साधने विकणाऱ्या ॲक्सेसिबी या कंपनीवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२५ मध्ये दहा लाख डॉलर भरण्याचा आदेश जाहीर केला. कोणतेही संकेतस्थळ आपल्या साधनाने निकषांना उतरते, हा तिचा दावा दिशाभूल करणारा होता, असे आयोगाचे म्हणणे होते. वर्षाचे शुल्क भरून जबाबदारी संपली असे वाटायला लावणे हाच त्या धंद्याचा गाभा आहे.

आता धागाकर्त्यांच्या मूळ प्रश्नाकडे येतो. मी बारा गावचे पाणी प्यायलेला टेस्टर आहे, आणि आतून दिसते ते असे. आमच्याच इमारतीत एका मजल्यावर युरोपातल्या ग्राहकाचे काम चालते व दुसऱ्या मजल्यावर भारतीय वित्तसंस्थेचे. पहिल्या मजल्यावर करारातच ईएन ३०१ ५४९ या युरोपीय मानकाचा उल्लेख आहे, त्यामुळे रंगसंगती ठरवणाऱ्या डिझायनरपासून सगळ्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक असते की अक्षर व पार्श्वभूमी यांतील फरक किमान ४.५ ला १ असला पाहिजे, माउसविना केवळ कीबोर्डने प्रत्येक काम झाले पाहिजे, आणि हे जमले नाही तर माल स्वीकारला जाणार नाही. दुसऱ्या मजल्यावर तीच मुले, तीच अवजारे, तेच शिक्षण. पण करारात तो शब्दच नाही. तेथे मी स्क्रीन रीडर लावून दोष नोंदवला, तर त्याला सर्वात खालचा प्राधान्यक्रम मिळतो, आणि तो ‘पुढच्या आवृत्तीत पाहू’ या ढिगात जातो. त्या ढिगातून कोणीही काही वर काढत नाही. गंमत म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १७८०२ हे मानक २०२१ व २०२२ मध्ये दोन भागांत आले आहे, आणि ते बेतलेले आहे त्याच युरोपीय मानकावर. म्हणजे आमच्या मुलांना नवीन काही शिकायचे नाही, कोणी तरी मागायचे तेवढे बाकी आहे.

माझ्या मते जबाबदारी दोन टेबलांवर हवी. एक खरेदी विभागाचे, कारण बहुतेक बँका व विमा कंपन्या ॲप स्वतः लिहीत नाहीत, विकत घेतात. आणि दुसरे, नवी आवृत्ती बाहेर सोडण्याची परवानगी ज्याच्या सहीने मिळते त्याचे. पैसे चुकीच्या खात्यात जात असतील, तर तो सही करत नाही. ‘पैसे पाठवा’ हे बटण आंधळ्या माणसाला सापडत नाही, हा दोषही त्याच यादीत बसला पाहिजे.

तळटीप

अमेरिकेत हे असेच घडले, असे म्हणता येईल. पुनर्वसन कायद्याच्या कलम ५०८ मध्ये १९९८ साली जी दुरुस्ती झाली, तिने संघराज्याच्या सरकारी खात्यांना दिव्यांगांना वापरता येईल असेच संगणकीय साहित्य घेण्याचे बंधन घातले. सरकार हा सर्वात मोठा गिऱ्हाईक असल्याने मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांना आपला माल तसा करावा लागला, आणि तोच माल मग खासगी कार्यालयांतही गेला.

वकीलबाई_सातारा

कायद्याची बाजू थोडी सविस्तर लिहिते, कारण ‘खासगी कंपनीला हे लागू नाही’ असे उत्तर कंपन्या अजूनही लेखी देतात.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आहे. त्यातील ‘आस्थापना’ या संज्ञेत खासगी आस्थापनाही येते, आणि खासगी आस्थापनेच्या व्याख्येत कंपनी, भागीदारी, सहकारी संस्था, न्यास असे सगळे आहेत. कलम ४२ माहिती व संपर्क तंत्रज्ञानाविषयी आहे. कलम ४६ नुसार सरकारी असो वा खासगी, प्रत्येक सेवापुरवठादाराने नियम अधिसूचित झाल्यापासून दोन वर्षांत आपली सेवा सुगम्य करायची होती. नियम जून २०१७ मध्ये आले. म्हणजे ती मुदत २०१९ मध्येच संपली. पुढे २०२३ मध्ये वर उल्लेख आलेले आयएस १७८०२ नियमांमध्ये समाविष्ट झाले.

आता दुबळी बाजू. कलम ८९ खाली पहिल्या उल्लंघनाला दंड आहे दहा हजार रुपयांपर्यंत, आणि नंतरच्या उल्लंघनांना पन्नास हजार ते पाच लाख. मोठ्या कंपनीच्या एका बैठकीतल्या चहा-नाश्त्याचा खर्च याहून अधिक होत असेल. दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते, केंद्रात मुख्य आयुक्त आहेत आणि राज्याचे आयुक्तालय पुण्यात आहे, परंतु त्यांचे म्हणणे शिफारशीच्या स्वरूपाचे असते. त्यातच नियम १५ ची भाषा अशी होती की मानके म्हणजे जणू मार्गदर्शक सूचना. राजीव रतुरी यांनी २००५ मध्ये केलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी नेमके यावर बोट ठेवले. कायदा बंधन घालतो आणि नियम नुसती शिफारस करतो, म्हणून नियम १५(१) कायद्याशी विसंगत आहे, असा निर्णय देऊन बंधनकारक किमान मानके वेगळी काढण्यासाठी सरकारला तीन महिन्यांची मुदत दिली. याचिका ते निर्णय, एकोणीस वर्षे.

त्यानंतरचा ३० एप्रिल २०२५ चा प्रज्ञा प्रसून खटल्यातील निकाल या धाग्यासाठी अधिक जवळचा आहे. ऑनलाइन केवायसी करताना कॅमेऱ्यासमोर पापण्या मिटून दाखवा, असे ॲप सांगते. ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्या स्त्रीने पापणी कशी मिटावी? आणि ज्याला दिसत नाही, त्याने चेहरा चौकटीत कसा बसवावा? न्यायालयाने डिजिटल सेवा मिळण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग मानला आणि वीस निर्देश दिले. त्यांत पापणी मिटण्याला पर्याय ठेवणे, ठरावीक काळाने सुगम्यतेची तपासणी करून घेणे, नवीन ॲप सुरू करण्यापूर्वीच्या चाचणीत अंध वापरकर्त्यांना सहभागी करणे, या अनुपालनासाठी जबाबदार अधिकारी नेमणे, आणि नाकारलेल्या केवायसीची माणसाकडून पुन्हा तपासणी होणे यांचा समावेश आहे. धागाकर्त्यांच्या ‘कोणाचे टेबल’ या प्रश्नाला न्यायालयाने निदान वित्तक्षेत्रापुरते उत्तर दिले आहे. पुढे ३१ जुलै २०२५ रोजी सेबीने आपल्या नियंत्रणाखालील संस्थांसाठी याविषयी परिपत्रक काढले. माझ्या मते दहा हजारांच्या दंडापेक्षा नियामकाच्या परिपत्रकाला कंपन्या अधिक घाबरतात, कारण परवाना त्याच्या हातात असतो.

लघुउद्योजक यांची भीती अनाठायी नाही, पण भारतात खासगी नुकसानभरपाईच्या दाव्यांची तशी परंपरा नाही. येथे आजवर आपला अनुभव उलटा आहे: दावा करणारा थकतो, कंपनी थकत नाही.

मिरजकर

चर्चा अंधांभोवती फिरत आहे, ते स्वाभाविक आहे, पण माझी मुलगी जन्मतः कर्णबधिर आहे आणि तिची अडचण अगदी वेगळी आहे. तिला ॲप छान वापरता येते. काही बिघडले की ॲप म्हणते, ‘आमच्या ग्राहक सेवा क्रमांकावर फोन करा’. कार्ड हरवले तर फोन. खाते गोठले तर फोन. मी तिच्या वतीने फोन केला, तर समोरून सांगतात की खातेदाराशीच बोलायचे आहे. ती शेजारी बसलेली आहे, लिहून उत्तर देईल, असे सांगितले तरी त्यांच्या कार्यपद्धतीत ते बसत नाही. लेखी संवादाने ओळख पटवण्याची सोय एका बँकेने आम्हाला शेवटपर्यंत दिली नाही. येथे कोडची एक ओळही बदलायची नाही, कार्यपद्धतीच बदलायची आहे. म्हणून टेस्टर यांनी सांगितलेल्या दोन टेबलांमध्ये ग्राहक सेवेचे तिसरे टेबल जोडावे, अशी विनंती.

दुसरी गोष्ट चित्रफितींची. अमेरिकेतील नॅशनल असोसिएशन ऑफ द डेफ या संघटनेने नेटफ्लिक्सवर दावा केला होता. २०१२ मध्ये तडजोड होऊन २०१४ पर्यंत सगळ्या कार्यक्रमांना संवादपट्ट्या देण्याचे कंपनीने मान्य केले. त्याचा लाभ आज ऐकू येणारेही घेतात, रात्री आवाज बंद करून मालिका पाहणारे कित्येक जण माझ्या माहितीत आहेत. पण मराठी कार्यक्रमांना माझ्या पाहण्यात बहुतेक वेळा पट्ट्या इंग्रजीत असतात. माझी मुलगी मराठी माध्यमात शिकली आहे. मराठी संवाद, मराठी प्रेक्षक आणि खाली इंग्रजी मजकूर, हा हिशोब कोणी कोणासाठी केला, ते समजत नाही.

अक्षरजुळारी

मिरजकर यांनी मराठीचा विषय काढलाच आहे, तर छापखान्याच्या बाजूने भर घालतो. मी पंचवीसेक वर्षे डीटीपी करत आलो आहे. सहकारी बँकांचे अहवाल, विमा कंपन्यांची मराठी माहितीपत्रके, कर्जाच्या अटी अशी कामे येतात. यांतील बरीच अजूनही युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये होतात, कारण जुन्या फायली त्यात आहेत आणि मागच्या वर्षीच्या अहवालावर नवे आकडे चढवायचे असतात. त्या फॉन्टमध्ये ‘क’ दिसतो, पण संगणकाच्या लेखी तेथे रोमन अक्षर किंवा एखादे चिन्ह असते. कागदावर छापेपर्यंत काही बिघडत नाही. तीच फाईल पीडीएफ करून संकेतस्थळावर चढवली की स्क्रीन रीडर तिच्यातून रोमन अक्षरांचा नुसता कचरा वाचतो. शोध घेता येत नाही, उतारा नकलता येत नाही. युनिकोडमध्ये केलेल्या पीडीएफमध्येही जोडाक्षरे आणि पहिली वेलांटी जागा सोडून जातात, असे मी अनेकदा पाहिले आहे. त्यावर उपाय आहे तो शैली लावून मथळे व परिच्छेद नीट आखण्याचा, योग्य खुणा असलेली पीडीएफ काढण्याचा आणि शक्य तेथे तोच मजकूर साध्या वेबपृष्ठावर देण्याचा.

आणखी एक बारीक गोष्ट मला मुलाने दाखवली. मराठी पृष्ठ इंग्रजी साच्यावर बेतलेले असले की त्याच्या कोडमध्ये भाषा इंग्रजी अशीच नोंदलेली राहते. मग स्क्रीन रीडर इंग्रजी आवाज लावतो, आणि तो आवाज देवनागरी मजकूर एक तर गाळतो किंवा तोडून वाचतो. दोन अक्षरांची दुरुस्ती: इंग्रजीची खूण ‘ईएन’ काढून मराठीची ‘एमआर’. कंपन्या मराठी आवृत्तीचे उद्घाटन थाटात करतात, पण ही दोन अक्षरे बदलायला मराठी येणारा माणूस त्या चमूत असावा लागतो.

ऱ्हाईनकाठ

मी जर्मनीत एका ऑनलाइन विक्री कंपनीत काम करतो. युरोपीय सुगम्यता कायदा, म्हणजे २०१९ चा निर्देश, २८ जून २०२५ पासून येथे लागू झाला. बँका, ई-पुस्तके, प्रवासाची तिकिटे, ऑनलाइन दुकाने असे सगळे खासगी व्यवहार त्यात येतात. लघुउद्योजक यांच्यासाठी मुद्दाम सांगतो: सेवा देणाऱ्या ज्या उद्योगात दहापेक्षा कमी माणसे आहेत आणि ज्याची वार्षिक उलाढाल वीस लाख युरोपर्यंतच आहे, त्याला या कायद्याने सूट दिली आहे. मोठ्यांनाही ‘आमच्यावर अवाजवी भार पडतो’ असे म्हणता येते, पण त्याचा हिशोब लिहून ठेवावा लागतो आणि मागितल्यावर दाखवावा लागतो.

हा हिशोबाचा भाग मला सर्वात महत्त्वाचा वाटतो, कारण ‘फार खर्च येईल’ ही सबब जुनी आहे. सिडनी ऑलिंपिकच्या संकेतस्थळावर ब्रूस मॅग्वायर या अंध नागरिकाने तक्रार केली, तेव्हा आयोजन समितीने दुरुस्तीला २० लाख डॉलरहून अधिक खर्च येईल, असे सांगितले होते. तक्रारदाराच्या बाजूच्या तज्ज्ञांनी ते थोड्या आठवड्यांचे काम ठरवले, आणि मानवी हक्क आयोगाने ऑगस्ट २००० मध्ये तक्रारदाराच्या बाजूने निर्णय दिला. समितीने निर्णय पुरता पाळला नाही, स्पर्धा उरकल्या, आणि शेवटी २०,००० ऑस्ट्रेलियन डॉलरची भरपाई द्यावी लागली. स्पर्धांचे वेळापत्रक व निकाल वाचता यावेत, अशी त्या माणसाची मागणी होती.

लघुउद्योजक

सूट असावी हे पटले, आणि कोपऱ्यातल्या बटणाचे पैसे वाचले, त्याबद्दल टेस्टर यांचे आभार. पण एक शंका उरते. अमेरिकेत तरी कायदा स्पष्ट होता का? तेथेही मोठ्या कंपन्यांनी न्यायालयात टोलवाटोलवी केलीच की.

वकीलबाई_सातारा

केली. तेथील दिव्यांगांविषयीच्या १९९० च्या कायद्यात संकेतस्थळ हा शब्दच नाही, कारण तेव्हा वेब सर्वांसाठी खुले झालेले नव्हते. टार्गेट या दुकानसाखळीविरुद्धचा अंधांच्या राष्ट्रीय महासंघाचा दावा २००६ मध्ये सुरू झाला आणि २००८ मध्ये साठ लाख डॉलरच्या तडजोडीने मिटला. डॉमिनोजच्या संकेतस्थळावर व ॲपवर अंध ग्राहकाला पिझ्झा मागवता येत नव्हता. त्या खटल्यात २०१९ च्या जानेवारीत अपील न्यायालयाने ग्राहकाच्या बाजूने कौल दिला, आणि कंपनीचे प्रकरण ऐकण्यास सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबरमध्ये नकार दिला. तरी दुसऱ्या एका अपील न्यायालयाने २०२१ मध्ये एका किराणा साखळीच्या खटल्यात उलट निर्णय दिला होता. तो पुढे रद्दबातल ठरला, पण गोंधळ राहिलाच. आपल्या २०१६ च्या कायद्यात ही संदिग्धता नाही. शब्द स्पष्ट आहेत, अंमलबजावणी पातळ आहे.

शब्दवेधी (धागाकर्ता)

एवढ्या वेगवेगळ्या बाजूंनी लिहिल्याबद्दल सर्वांचा आभारी आहे. मिरजकर यांचे तिसरे टेबल मान्य. अक्षरजुळारी यांनी सांगितलेल्या पीडीएफ मी रोज ऐकतो, तेव्हा त्याविषयी अधिक न बोललेले बरे.

दोन गोष्टींवर मात्र मला जोर द्यायचा आहे. पहिली, चाचणीत अंध माणूस असणे म्हणजे शेवटच्या आठवड्यात एखाद्या संस्थेतून चार जणांना बोलावून, चहा पाजून, फोटो काढून पाठवणे नव्हे. त्या कामाचे पैसे मिळाले पाहिजेत, आणि त्याने ‘हे चालत नाही’ असे लिहून दिले तर आवृत्ती थांबली पाहिजे. दुसरी, एकदा सुधारलेले ॲप सुधारलेलेच राहते असे नाही. आज नीट चालणारा पडदा पुढच्या अपडेटमध्ये नव्या रूपात येतो, नावे गळून पडतात, आणि ज्या अंध ग्राहकाने बटणांच्या जागा पाठ केलेल्या असतात, तो पुन्हा दुसऱ्याच्या हातात फोन देऊन पिन सांगू लागतो. पिन कोणालाही सांगू नका, हा संदेश त्याच बँकेकडून त्याला दर आठवड्याला येत असतो.

सूचिबद्ध कंपन्यांना सेबीच्या नमुन्यात जो जबाबदारी व शाश्वततेचा अहवाल द्यावा लागतो, त्यात कार्यालयाची इमारत दिव्यांगांना सुगम्य आहे का, असा प्रश्न आहे. त्याच रांगेत ग्राहकांसाठीचे ॲप व संकेतस्थळ कोणत्या मानकाने, कोणी आणि कधी तपासले, हा प्रश्न हवा. बहुतेक ग्राहक इमारतीत कधी पाऊलही टाकत नाहीत.

हिंजवडी_टेस्टर

अपडेटचा मुद्दा करारात असा लिहून घेता येतो. मानकाचे नाव आणि पातळी स्पष्ट लिहायची. माल स्वीकारण्यापूर्वी स्वतंत्र तपासणीचा अहवाल मागायचा. प्रत्येक मोठ्या अपडेटनंतर ठरलेली कामे, म्हणजे लॉगिन, शिल्लक पाहणे, पैसे पाठवणे, तक्रार नोंदवणे, स्क्रीन रीडर व कीबोर्डने पुन्हा तपासून घ्यायची. दोष निघाला तर तो हमीच्या काळात विनामूल्य दुरुस्त करायचा. आणि ओळख पटवण्याचा कॅमेऱ्याचा भाग तिसऱ्या कंपनीकडून घेतला असेल, तरी उत्तरदायी मुख्य पुरवठादारच राहील, हे कलम विसरायचे नाही, कारण सगळे हात झटकतात ते नेमके तेथे.

अक्षरजुळारी

आमच्या गावच्या सहकारी बँकेचा अहवाल मीच जुळवतो आणि मी तिचा सभासदही आहे. वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होईल. ॲपच्या कराराचे नूतनीकरण याच वर्षी आहे, असे कानावर आले आहे. सभासद म्हणून मला हा विषय मांडता येईल का?

वकीलबाई_सातारा

येईल. ऐन सभेत उठून बोललात, तर ‘नोंद घेतली’ एवढ्यावर भागवतील. त्यापेक्षा पोटनियमांत किती दिवस आधी लेखी सूचना द्यायची ते पाहा, त्या मुदतीत मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या नावे पत्र द्या आणि पोच घ्या. पत्रात तीनच प्रश्न ठेवा: ॲपच्या करारात आयएस १७८०२ चा उल्लेख आहे का, सुगम्यतेसाठी जबाबदार अधिकारी कोण आहे, आणि शेवटची तपासणी कधी झाली. सहकारी संस्थाही २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या व्याख्येत येते, ते कलम सोबत जोडा. आणि या वर्षीचा अहवाल युनिकोडमध्ये करून द्या. त्यासाठी तर कोणाचीच परवानगी लागणार नाही.

अक्षरजुळारी

जुन्या फायली बदलायला आजपासूनच घेतो. तक्ते वेळ खाणार आहेत. पत्राचा मसुदा येथेच टाकेन, शब्दवेधी यांनी तो एकदा ऐकून पाहावा.